भांडं रिकामं होईपर्यंत

आमच्या घरी आता कुणी पाणी मागत नाही. पाहुणे आपापली बाटली घेऊन येतात, आणि ज्यांच्याकडे नसते ते टेबलावरच्या जगमधून स्वतःच ओतून घेतात. सोय झाली आहे, त्यात तक्रार कसली. पण किसननाना गेल्यापासून दुपारी फाटकाची कडी वाजली की माझा हात अजून आधी माठाकडे जातो, आणि दारात कुरिअरवाला असला तरी मी तांब्या-भांडं घेऊनच बाहेर येते. नवरा हसतो. कुरिअरवाले बिचारे पितातही.

किसननाना भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. थोडी शेती, एक मुलगा, एक मुलगी आणि गयाकाकू, एवढा त्यांचा संसार. पण निम्म्या जिल्ह्यात त्यांना ओळखायचे ते सोयरिकी जुळवणारे म्हणून. टेंभुर्णीच्या आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला लग्न करायचं नव्हतं. ते ओसरीवर तासभर बसले, वडिलांशी कापसाबद्दल बोलले, माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि उठताना वडिलांना म्हणाले की पोरगी हट्टी आहे, हिला जालन्याला देऊ, खेड्यात हिचं कुणाशी पटायचं नाही. वडील खूश झाले, मी चिडले. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न जालन्यातल्याच एका मुलाशी झालं. पटलं का? पटलं. नानांचं म्हणणं खरं ठरलं याचा मला अजून थोडा राग आहे.

उंच, मानेत जरासा वाकलेला माणूस. पांढरा शर्ट, धोतर, टोपी आणि खांद्यावर टॉवेल. या टॉवेलांची एक गंमतच होती. लग्नात मध्यस्थाला मानाचा टॉवेल-टोपी देतात. नाना दुसरं काही घेत नसत, त्यामुळे टॉवेल मात्र सगळेच्या सगळे घरी यायचे. धावड्याला त्यांच्या अंगणात दोरीवर सदा टॉवेल वाळत असायचे, गुलाबी, पिवळे, काठाला जरीसारखी पट्टी असलेले, आणि त्यांतल्या एकालाही धड पाणी टिपता येत नसे. गयाकाकू म्हणायच्या, दुनियेची लग्नं लावली या माणसानं, पण अंग पुसायला घरात फडकं नाही.

लग्न लागलं की मध्यस्थाचं काम संपतं. पुढे काही बिनसलं तर दोन्हीकडच्या शिव्या खायला तेवढं बोलावणं येतं. नानांचं काम मात्र लग्नानंतरच सुरू व्हायचं. आपण दिलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी ते वर्षातून एकदा तरी जायचे. जायचे म्हणजे काय, ओसरीवर टेकायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि पाणी मागायचे. तहान असो नसो. पाणी प्यायचं, थोडं बोलायचं, उठायचं. जेवायचा आग्रह केला तर म्हणायचे, बस निघून राह्यली.

माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी नवी होते. तांब्या-भांडं आणून त्यांच्यासमोर ठेवलं आणि तशीच आत पळाले, कारण गॅसवर दूध होतं. दूध गेलं ते गेलंच. ओटा पुसून बाहेर येते तर नाना निघूनही गेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं माझे वडील दारात हजर, दाढी न करता, डोळे तांबारलेले. मला बाजूला घेऊन विचारायला लागले की बाई, काय त्रास आहे ते सांग, लपवू नकोस. सासू घाबरली, नवरा घाबरला, आणि मला काही कळेना. शेवटी उलगडा झाला तो असा की नानांनी टेंभुर्णीला उतरून वडिलांना सांगितलं होतं, पोरीचं काहीतरी बिनसलंय. आमच्या घरात हा विनोद कितीतरी वर्षं चालला. दूध उतू गेलं की नवरा म्हणायचा, तुझ्या वडिलांना फोन कर, नाहीतर ते निघतील.

यामागचं गुपित मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर माझी मुलगी शाळेत जायला लागली होती आणि मी नानांशी बरोबरीनं बोलायला शिकले होते. मी विचारलं, नाना, तुम्ही सगळीकडे पाणीच का मागता, चहा का नाही. ते हसले. म्हणाले, चहाला येळ लागतो, तेवढ्यात माणूस तयारी करतंय. पाणी तसं नसतं.

"पाणी तर समद्याच देतेत," ते म्हणाले. "देऊन मंग काय करती ते पाह्यचं. भांडं ठेवून आत गेली तर काहीतरी हाय. भांडं रिकामं होईस्तोवर उभी राह्यली, दाराला टेकली, माहेरच्या म्हशीचं इचारलं, तर समजायचं, बरं चाललंय."

मी म्हटलं, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, सरळ विचारावं, सुखी आहेस का म्हणून.

"इचारल्यावर कोणती पोरगी न्हाई म्हणती? सासू तिथंच बसेल असती. सासू नसली तरी तिला वाटतं, हे जाऊन बापाला सांगतील, माय रडंल. मंग हो म्हणती. तोंड हो म्हणतं, लता. पाय खरं बोलतेत."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे मी तेव्हापासून मनात धरून आहे. ज्या घरात आपण बिनकामाचं उभं राहिलो तरी कुणी 'काहून उभी हायेस' असं म्हणत नाही, ते घर आपलं. सुख म्हणतात ते तेवढंच असतं. बाकीचं सोनं, गाडी, स्लॅबचं घर, ते लोकांना दाखवायला. मी हे ऐकून माझ्याच घराचा विचार करायला लागले. आमच्या घरात बिनकामाचं उभं राहण्यात नवऱ्याचा हात कुणी धरणार नाही, तो स्वयंपाकघराच्या मधोमध पेपर वाचत उभा राहतो. पण मीही राहते. त्या दिवशी मुद्दाम राहून पाहिलं, कुणी काही म्हणालं नाही.

याच मापानं ते स्थळंही तपासायचे. जाफराबादकडच्या एका मोठ्या घरात एका मुलीचं जमत आलं होतं. मुलीचा बाप हवेत होता, कारण त्या घरी दोन ट्रॅक्टर होते. नाना शेवटची बोलणी करायला गेले, पाणी मागितलं. थोरली सून घेऊन आली. भांडं ठेवून दाराशी जराशी थबकली असेल नसेल, तोच आतून सासूचा आवाज आला की तिथं काहून उभी राह्यली. नानांनी पाणी पिऊन तोंड पुसलं आणि पत्रिका जुळत नाही असं सांगून बैठक मोडली. पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. मुलीचा बाप त्यानंतर त्यांच्याशी बोलेनासा झाला, रस्त्यात दिसले तर दुसऱ्या बाजूनं जायचा. ती मुलगी पुढे नानांनीच भोकरदनला एका साध्या घरात दिली. तिच्या घरी ते पाणी प्यायला गेले तेव्हा ती उभी राहिली ती राहिलीच, बोलता बोलता त्यांची एक बस चुकली. ही बस चुकल्याचं नाना इतक्या आनंदानं सांगायचे की जणू त्यांना कुणी शाल घातली होती.

अनिता ही नानांची धाकटी. मी तिला पाहिली ती आमच्या लग्नानंतर धावड्याला चार दिवस राहायला गेले होते तेव्हा, दहावी-अकरावीतली असेल. अशी निवांत मुलगी मी दुसरी पाहिली नाही. हातात पेरू घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, एक पाय दुसऱ्यावर टाकून, आणि रस्त्यानं जाणारं-येणारं पाहायची. पेरू संपला तरी उभीच. गयाकाकू आतून ओरडायच्या की अगं, चौकट पडेल. नाना म्हणायचे, पडू दे, दुसरी बसवू. साऱ्या घरात ती एकटीच अशी होती जिला काही करायची घाई नव्हती.

तिचं लग्न त्यांनी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला केलं, घनसावंगीकडे, गोदावरीच्या बाजूला. बागायत, ऊस, उंच ओट्याचं घर, एकुलता एक मुलगा. घरात दुसरी सून नव्हती, तेव्हा पाणी कुणी आणावं? सासूच घेऊन आली. भांडं रिकामं होईपर्यंत उभी राहिली, हसली, बोलली. नानांनी तिथल्या तिथं होकार दिला. पुढे एकदा, फार उशिरा, ते मला म्हणाले की लता, सासू उभी राह्यली त्याचं मला काय पडल्तं. तिचंच घर होतं ते.

आणि मग ती रीत आली. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. का, ते कुणाला विचारू नका. माझ्या वडिलांनीही माझी मुलगी होईपर्यंत माझ्याकडे चहा घेतला नाही, त्या दुधाच्या दिवशीसुद्धा कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन प्यायले. आता खूप जण सोडून देतात. नाना सोडणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्यांच्या लेकींकडे ते हक्कानं पाणी मागायचे, कारण त्यांचे ते मध्यस्थ होते. अनिताचे ते बाप होते.

धावड्याहून घनसावंगीला जायचं तर भोकरदन, जालना, अंबड अशा गाड्या बदलत जावं लागतं. आमचं घर वाटेवर पडायचं. नाना सकाळी निघून आमच्याकडे टेकायचे, पाणी प्यायचे आणि पिशवीतून बाटली काढून माझ्यासमोर धरायचे. तिकडे प्यायचं पाणी ते माझ्याकडून भरून न्यायचे. नवरा चिडवायचा की नाना, जालन्याला नळ किती दिवसांनी येतो ते माहीत आहे ना, आणि तिकडे गोदावरी आहे. नाना म्हणायचे, गोदावरी माह्या लेकीची हाय. मी बाटली भरून द्यायची, गयाकाकूंनी दिलेल्या शेवयांचा डबा पिशवीत नीट बसवून द्यायची, आणि ते निघायचे.

संध्याकाळी परतताना पुन्हा टेकायचे. मी विचारायची, कशी आहे अनिता. ते सांगायचे, ओट्यावर बसलो, हसून बोलली, साडी चांगली होती. गयाकाकूंचा आग्रह असायचा म्हणून जायच्या आदल्या दिवशी ते फोन करायचे, लेक शेतात असली तर भेट चुकायला नको. दर वेळी ती तांब्या घेऊन बाहेर यायची आणि म्हणायची, नाना, पाणी घ्या ना. आणि नाना दर वेळी हसून म्हणायचे, नातू दे, मंग पितो. वर्षं गेली. नातू झाला नाही. नात झाली नाही. ते वाक्य मात्र तसंच राहिलं. त्या वाक्यात आता काय भरलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मलाही नाही आलं, मी तर बाटली भरून देत होते.

एका मे महिन्यात ते परत आले ते धडपडतच. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. अंबडच्या गाडीत बाटली कलंडून सगळं पाणी सांडलं होतं आणि दुपारभर त्या उन्हात ते लेकीच्या ओट्यावर पाण्यावाचून बसले होते. मी साखर-मीठ घालून पाणी दिलं. नवरा पहिल्यांदाच त्यांना रागावला. नाना मात्र खुशीत होते. म्हणाले, अनिता आज तांब्या घेऊन लई येळ उभी होती. नको म्हणलं तरी जाईना. शेवटाला मीच म्हणलं, जाय आत, सासू वाट पाहून राह्यली असंल.

"उभी होती ना," ते मला म्हणाले. "मंग सुखी हाय पोरगी माझी."

मला ते तेव्हा खरंच वाटलं. मापच तसं होतं. ती का उभी राहिली होती हे मला आज कळतं. भांडं भरलेलं होतं. बापानं ते हातात घेतलंच नाही, तर ती जाणार कशी? एकदा तो ते पाणी प्यायला असता, तर तिनं काहीतरी सांगितलं असतं, किंवा न सांगता त्याला कळलं असतं.

अनिताच्या गावाशेजारच्या गावात नानांनीच दिलेली शोभा नावाची एक मुलगी होती. ती बाळंत होऊन सासरी परतली म्हणून नाना तिच्याकडे गेले. पाणी मागितलं. शोभा भांडं रिकामं होईपर्यंत उभी राहिली, रिकामं भांडं हातात घेतलं, पण आत गेली नाही. म्हणाली, "नाना, एकदा अनिताताईच्या घरचं पाणी प्या."

नाना नेहमीसारखं म्हणाले की मूल झाल्यावर पिणारच आहे.

"आताच प्या," शोभा म्हणाली. "अन् फोन न करता जा."

नाना उठले. जीपमध्ये बसले आणि गेले. हे मला त्यांनीच सांगितलं, त्याच दिवशी संध्याकाळी, आमच्या स्वयंपाकघरात, दार लोटून, कारण अनिता बाहेरच्या खोलीत होती.

अनिताच्या सासरी ओट्यावर पाळणा बांधलेला होता. पाळण्यात मूल होतं आणि एक तरुण बाई दोरी ओढत होती. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. सासू लगबगीनं उठली आणि म्हणाली, पाहुणे, फोन न्हाई केला? मग तिनंच सगळं सांगितलं, अगदी सरळ, काही चोरी नसल्यासारखं. वंशाला काहीतरी पाहिजे ना, आणि अनिताला टाकलं थोडंच आहे, गोठ्याशेजारच्या खोलीत ती राहते, खायला-प्यायला मिळतं. तिला विचारूनच दुसरी केली. तिनंच हो म्हटलं.

अनिता गोठ्याकडून आली. हाताला शेण होतं. बापाला पाहून ती आधी घराच्या दाराकडे पळाली, मग थांबली. नानांना कळलं की ती साडी बदलायला निघाली होती.

नाना म्हणाले, अनिता, पाणी आण. सासू म्हणाली, मी आणते. नाना म्हणाले, अनिता आणील.

तिनं घराच्या दाराकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि वळसा घालून मागं गोठ्याकडे गेली. तिकडच्या रांजणातलं पाणी जर्मनच्या भांड्यात घेऊन आली. ते भांडं त्यांच्याजवळ ठेवलं आणि लगेच पाठ फिरवली. उभी राहिली नाही. नानांनी भांडं उचललं आणि तळ दिसेपर्यंत प्यायले.

"खारं होतं," ते मला सांगत होते आणि टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत होते. "जनावराला देतेत ते. ती रोज तेच पीत असंल ना गं, लता?"

मी माठावरचं झाकण उगाच सरळ केलं.

त्यांनी भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला तशी अनिता वळली. रिकामं भांडं पाहून ती घाबरली. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ती घाबरली होती की नाही मला माहीत नाही, पण बापानं पाणी प्यायलं याला घाबरली.

"नाना," ती म्हणाली, "मला लेकरू न्हाई झालं अजून. तुम्ही पाणी कसं काय पिलं?"

"तहान लागल्ती," नाना म्हणाले. "चाल, घरी जाऊ."

ती तशीच निघाली, शेणाचे हात ओट्याखाली धुऊन. एक पिशवीही तिनं घेतली नाही. आमच्याकडे आली तेव्हा मी दोघांना पाणी दिलं, आणि तिनं भांडं हातात घेऊन मला विचारलं की ताई, इथं बसू का. त्या दिवशी मी माझ्याच घरात भिंतीकडे तोंड करून रडले. नाना रडले नाहीत. ते माठाकडे पाहत बसले होते.

पुढचं थोडक्यात सांगते. भावानं पोलिसांत जायचं म्हटलं, अनिता नको म्हणाली, आणि तिचं नको हे खरं नको आहे की नाही यावर घरात बरेच दिवस वाद झाले. शेवटी ती म्हणेल तसं झालं. नानांनी सोयरिकी जुळवणं बंद केलं. लोक यायचे, मोबाईलवर मुला-मुलींचे बायोडाटे दाखवायचे, म्हणायचे, नाना, तुमच्या हातचं लग्न टिकतं. नाना चष्मासुद्धा लावायचे नाहीत. आणि ते पाणी मागायचं थांबले. जालन्याला दवाखान्यात आले तर माझ्याकडे टेकायचे, पण मी तांब्या आणायच्या आत पिशवीतली बाटली काढून एक घोट घ्यायचे. ती बाटली आता धावड्याहून भरून यायची. एवढ्या वर्षांत माझ्यावर ते कशालाच रागावले नव्हते आणि तेव्हाही नव्हते, पण मला ते फार लागलं.

त्यांच्या पायाला सूज आल्याचं कळलं तेव्हा मी धावड्याला जाऊन आले. दुपारची वेळ होती. नाना पडवीत बाजेवर उशाला टेकून बसले होते, पाय उशीवर, हात काटकीसारखे. डॉक्टरनं पाणी कमी करायला सांगितलं होतं, दिवसाला अमुकच, वर घोटभरही नाही. गयाकाकू मला पाहताच सुरू झाल्या. म्हणाल्या, तूच सांग यांना, तुझं ऐकतेत. जन्मभर बाटली घेऊन हिंडले अन् आता पाणी बंद केलंय तर दिवसभर पाणी मागून राह्यले. पीत न्हाईत अन् मागायचं सोडत न्हाईत.

अनिता आत होती. शिलाई मशीनचा आवाज येत होता. ती गोधडी शिवत होती, नानांच्या मानाच्या टॉवेलांची, गुलाबी-पिवळे तुकडे जोडून. तिची वहिनी मला हळूच म्हणाली की ताई, मी काही सांगत नाही हो त्यांना, पण त्या बसतच नाहीत. सकाळी माझ्याआधी उठून सगळं उरकतात, काम संपलं तर नवीन काढतात. मी म्हणते, टेका थोडं, तर म्हणतात, टेकलेच की. वहिनी खरं बोलत होती, तिच्या तोंडावरून कळत होतं. त्या घरात अनिताला कुणी 'काहून उभी हायेस' म्हणणार नव्हतं. पण तिला ते कुणी न म्हणताच ऐकू येत होतं.

मी बसल्यावर थोड्या वेळानं नानांनी हाक मारली, "अनिता, पाणी आण गं."

मशीन थांबलं. ती भांडं भरून घेऊन आली, स्टीलचं, काठोकाठ. नानांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. ती वळायला लागली तसं ते म्हणाले, थांब, रिकामं घेऊन जाय, कोण उठंल पुन्हा. ती थांबली.

नाना प्यायले नाहीत. भांडं छातीशी धरून मला टेंभुर्णीचं विचारत राहिले, वडिलांच्या गुडघ्याचं, माझ्या मुलीच्या कॉलेजचं. अनिता सुरुवातीला ताठ उभी होती, एक हात पुढे केलेला, भांडं मिळालं की जायच्या तयारीत. मग तो हात खाली आला. बाहेर रस्त्यानं एक म्हैस उधळली आणि तिच्यामागे तिचा मालक शिव्या देत पळाला, ते पाहायला ती चौकटीकडे सरकली. खांदा चौकटीला लागला. नानांचं माझ्याकडचं बोलणं एकदम तुटलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्या पायांकडे बघत होते.

गयाकाकू म्हणाल्या, अहो, घोटभर घ्या नाहीतर द्या ते भांडं, तिला कामं हायेत. नानांनी मानेनंच नाही म्हटलं. पाणी थोडं थोडं शर्टावर सांडत होतं.

माझी गाडी होती म्हणून मी उठले. पाया पडले. त्यांनी मान हलवली पण डोळे तिच्यावरून काढले नाहीत. कोपऱ्यावरून वळताना मी मागं पाहिलं. अनिता चौकटीला टेकून रस्त्याकडे पाहत उभी होती, पण पूर्वीसारखा एक पाय दुसऱ्यावर नव्हता, दोन्ही पाय अजून सारखेच जमिनीवर होते. आणि मागे बाजेवर नाना, भरलेलं भांडं तसंच छातीशी धरून.